लेथवरची आकड्यांची पाटी

लेथ म्हणजे लोखंड फिरवून सोलणारे यंत्र. लोखंडाचा तुकडा चकमध्ये पकडून फिरवायचा आणि बाजूने पोलादी हत्यार लावायचे. पाण्याच्या मोटारीचा शाफ्ट, उसाच्या ट्रॉलीच्या चाकाचा बुश, रसवंतीच्या चरकाची पिन, आपल्या भागातले असे कितीतरी सामान लेथवरूनच उतरते. टेंभुर्णीत पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला आणि एम.आय.डी.सी.त असे लेथ दिवसभर फिरतात. त्यातलाच एक, राजकोटचा, सहा फुटी, दुसऱ्या हाताने घेतलेला, माझ्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. गेल्या वर्षावासात त्याच्यावर आम्ही आकडे दाखवणारी पाटी बसवली. कारखान्यात तिला डी.आर.ओ. म्हणतात. ती का बसवली आणि कशी बसवली, हे आपल्या समाजबांधवांना सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आधी जुनी रीत सांगतो. हत्यार आतबाहेर सरकवण्याचे एक हँडल असते. त्याच्या मागे गोल कडे असते आणि कड्यावर शंभर रेघा. माझ्या लेथवर हँडलचा एक फेरा म्हणजे ५ मिलिमीटर, म्हणजे एक रेघ ०.०५ मिलिमीटरची. आता ४० मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायचे असेल, तर शाफ्ट ४० पेक्षा २ ते १८ मायक्रॉन एवढाच जाड ठेवायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. हे माप त्या कड्यावर शोधायचे तर एका रेघेचे सहा भाग डोळ्यांनीच पाडावे लागतात.

त्यात जुन्या यंत्राचा स्क्रू झिजलेला. हँडल पुढे फिरवून मागे घेतले, की कडे फिरते पण हत्यार जागचे हालत नाही. याला आम्ही प्ले म्हणतो. त्यामुळे नेहमी एकाच बाजूने मापावर यायचे, पुढे गेले तर भरपूर मागे येऊन पुन्हा यायचे, हे हाताच्या अंगवळणी पडावे लागते. चाळीस वर्षे मी तसेच केले. साठी आली, साखरेचा आजार आला, आणि कड्यावरच्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या. चष्मा बदलला, वर दिवा लावला, भिंग टांगले. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आमची आई ओसरीवरूनच म्हणाली, "यंत्र चालू हाय आमचं. भंगार पुढच्या घरी बघ."

आईच्या त्या बोलण्यामागे माझ्या वडिलांचा इतिहास आहे. वडील परजिल्ह्यातल्या एका कारखान्यात हमाल होते. लेथखालचा लोखंडाचा कीस गोळा करून पाटीने बाहेर टाकायचा, हे त्यांचे काम. यंत्रे पुसायची तीही त्यांनीच, पण हँडलला हात लावायचा नाही. ते सांगत, की मिस्त्री माप घेताना अंग आडवे करून कडे झाकून घ्यायचा. खालच्या पोराने रेघा मोजायला शिकू नये, एवढ्यासाठीच!

ही एका मिस्त्रीची खोड नव्हती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट मांडली होती. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपला माणूस मेकॅनिक म्हणून क्वचितच दिसतो, तो हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. स्वातंत्र्यानंतर १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आली, आय.टी.आय. गावोगाव निघाल्या. मी त्यातूनच टर्नर झालो. माझी धाकटी मुलगीही टर्नरच झाली. वडिलांना कडे बघू दिले नाही, आणि मला ते असून दिसेना. मग पोरीच म्हणाली, "आण्णा, लेथ विकू नका. पाटी बसवू या."

आता पाटीचे कसब सांगतो. खरी करामत पाटीत नसून ॲल्युमिनियमच्या लांब पट्टीत आहे. पट्टीच्या पोटात काच असते आणि काचेवर रेघा कोरलेल्या, एका मिलिमीटरमध्ये पन्नास. पट्टीवरून एक छोटे डोके सरकते. त्यातही तशाच रेघांचा काचेचा तुकडा असतो, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारे डोळे. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर धरून एक हलवली, की काळ्या-पांढऱ्या लाटा पळताना दिसतात. इथे तेच होते. डोके हलले की उजेड-अंधाराच्या लाटा जातात, यंत्र त्या मोजते आणि पाटीवर आकडा दाखवते. एका रेघेचे चार भाग मोजले जातात, म्हणून पायरी ५ मायक्रॉनची पडते. मोजमाप थेट सरकणाऱ्या भागाचे होते. मधला झिजलेला स्क्रू हिशोबातूनच जातो, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

दोन पट्ट्यांचा संच आणला. बसवायला दोन रविवार गेले. लेथच्या मागची बाजू ओतीव लोखंडाची, खडबडीत, वर रंगाचे थर. त्यावर पट्टी सरळ ठोकून चालत नाही. आधी एक सपाट लोखंडी पाटा मागे बसवला. त्याला चारी कोपऱ्यांत छोटे स्क्रू ठेवले, म्हणजे तो पुढेमागे करून सरळ आणता येतो. त्यावर पट्टी. मग सरकत्या भागावर डायल गेज लावून, त्याचे टोक पट्टीवर टेकवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेले. गेजची सुई ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये, वरूनही आणि समोरूनही. स्क्रू फिरवायचा, सरकवायचे, पुन्हा फिरवायचा. पोरगी सुई वाचत होती आणि मी पाना धरला होता. पट्टीच्या रबरी ओठांची बाजू खाली ठेवली, नाहीतर कीस आणि कुलंट आत जाऊन काचेवर ओरखडे पडतात.

आडव्या पट्टीला अडचण निराळी. ती चकच्या बाजूला लावली तर गरम कीस तिच्यावर उडतो, आणि मागच्या बाजूला लावली तर टेलस्टॉक आडवा येतो. शिवाय स्लाइड घट्ट करायचे स्क्रू तिच्याखाली झाकले जातात. आम्ही बारीक अंगाची पट्टी मागच्या बाजूला घेतली, त्या स्क्रूंसाठी पाट्यात भोके ठेवली आणि वर पत्र्याचे झाकण केले. वायर चकमध्ये गुंडाळली जाऊ नये म्हणून मोकळा फास ठेवून बांधून टाकली. अर्थिंग नवे केले. शेजारी वेल्डिंग सुरू झाले, की विजेच्या झटक्याने आकडे उड्या मारायची भीती असते, म्हणून पाटीची लाइन वेगळी ओढली.

पहिल्या दिवशी आईला ओसरीवरून उठवून आणले. हँडल पुढे फिरवले, मग कड्यावरची रेघ मागे शून्यावर आणली. पाटी ०.३८ दाखवत होती. एवढा प्ले आमच्या स्क्रूत होता आणि तो मी नुसत्या हाताने सांभाळत आलो होतो. आईला आकडा कळला नाही, पण लाल अक्षरे लांबून दिसतात एवढे तिने ताडले. म्हणाली, "हे तर दारातून बी दिसतंय की!"

खरेच दिसते. पाटी आम्ही मुद्दाम शेडच्या तोंडाकडे वळवून लावली आहे. शेजारची दोन पोरे शाळा सुटल्यावर येऊन उभी राहतात आणि आकडा पळताना बघतात. त्यातल्या एकाने विचारले, हत्यार अर्धा मिलिमीटर आत गेले तर पाटीवर एक कसा येतो? मुलीने त्याला खडूने फरशीवर गोल काढून दाखवला. हत्यार एका बाजूने अर्धा सोलते, पण जॉब फिरत असतो, म्हणून व्यास दोन्हीकडून मिळून एकाने कमी होतो. पाटीवरचे एक बटण दाबले की ती थेट व्यास दाखवते. शिकाऊ मुले याच हिशोबात जॉब वाया घालवतात.

विकणारे म्हणतात, की पाटी लावली की कोणीही टर्नर होतो. ते मला पटत नाही. चकजवळ झिजलेला बेड पाटीला दिसत नाही, तिथे जॉब निमुळता उतरतो तो उतरतोच. बारीक शाफ्ट हत्याराच्या दाबाने वाकतो, तेही तिला कळत नाही. तिची पायरी ५ मायक्रॉनची, म्हणजे व्यासात १०. बेअरिंगच्या बैठकीचा शेवटचा हात मायक्रोमीटर लावूनच घ्यावा लागतो. लोखंड कापताना आवाज बदलला की थांबायचे, हे मी पोरीला आजही कानाने शिकवतो.

लेथवर मुलगी, म्हणून वस्तीत चर्चा झालीच. तिचे कामाचे कपडे ठरलेले आहेत. ओढणी नाही, बांगड्या नाहीत, केस टोपीत, बाह्या कोपरापर्यंत, डोळ्यांवर चष्मा, आणि हातमोजे मुळीच नाहीत, कारण फिरता जॉब हातमोजा ओढतो आणि त्याबरोबर हातही. आयाबहिणींनी आपल्या मुलांनाही हे सांगावे. एका बाईंनी आमच्या घरात येऊन विचारले, पोरीचे लग्न कसे जमायचे? माझी पत्नी त्यांना म्हणाली, "ज्याला लेथ चालतो त्याच्याशी जमेल." बाईंनी चहा घेतला आणि गेल्या.

एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्याने साठ बुशांचा नमुना दिला होता. पहिले सहा पोरीने केले. त्यांच्या माणसाने सहाही मापून बघितले, चोपन्न राहिलेले सांगितले आणि जाताना विचारले, "कोणत्या मिस्त्रीने केले?" ती तिथेच चकची चावी पुसत उभी होती. मी तिच्याकडे बोट केले. त्याने पुन्हा एक बुश उचलून मापला. माप तेच आले.

आता तिला टेलस्टॉकवर तिसरी पट्टी हवी आहे, भोकाची खोली मोजायला. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांची कामे येतील, तेव्हा बघू म्हटले आहे.