सावड्या

घोटी, बाजारचा दिवस

ती. आबांस सा. न.

भंडारदऱ्यावरून जुन्नर गाठायचं म्हणून घोटीत उतरले आणि बैलबाजारातच अडकले. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे डांगी बैल दावणीला उभे आहेत. त्यांचं कातडं तेलकट असतं, म्हणून इथला धो धो पाऊस ते भातखाचरात सोसतात. हेडी उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवतात. तिथेच तुमचा प्रश्न आठवला: सभेला रशियन पाहुणे आले की तुम्ही सगळे ‘तवारिश’ म्हणायचात, तो शब्द मुळात कुणाचा?

आबा, तो या गुरांचा व्यापार करणाऱ्या लोकांचा आहे. अभ्यासक त्याचं मूळ तुर्की भाषांत सांगतात. तिथे ‘तवार’ म्हणजे माल, मत्ता आणि गुरंढोरंही. आपणही गुरांना धनच म्हणतो. त्या धनाबरोबर लांबच्या वाटेनं चालणारा सोबती तो तवारिश. रशियन दुकानातला माल आजही ‘तवार’च.

झारच्या राज्यात उपमंत्र्याला ‘मंत्र्याचा तवारिश’ म्हणत. १९१७ नंतर ‘गस्पदीन’ हे साहेबी संबोधन मागे पडलं आणि बाई असो की पुरुष, कामगार असो की सेनापती, सगळ्यांना तवारिश लागू झाला. रशियन लष्करात हुद्द्याआधी तो अजूनही लावतात. आपला ‘कॉम्रेड’ वेगळ्या घरचा: स्पॅनिशमध्ये ‘कामारा’ म्हणजे खोली, आणि एका खोलीत राहणारा तो कामारादा. गिरणगावातल्या तुमच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे पंधराजण आठवले.

घोटी, दुसऱ्या दिवशी सकाळी

ती. आबा,

काल रात्री महामार्गाच्या कडेला चहा पीत बराच वेळ बसले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च याच रस्त्यानं मुंबईला गेला. वनजमिनीचे पट्टे मागणारे सुरगाणा-पेठकडचे आदिवासी शेतकरी, डोक्यावर लाल टोप्या. पायांना फोड आलेल्या म्हाताऱ्याही एकमेकींना धरून चालत होत्या. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले आणि १२ मार्चला पहाटे आझाद मैदानात पोचले. याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या करंजगावात जन्मलेले तुमचे कम्युनिस्ट पुढारी डांगे मला तेव्हा फार आठवले. त्या रात्रीच्या चालण्याइतका या शब्दाचा नेमका अर्थ मला कुठल्याच कोशात मिळाला नाही.

जुन्नरला मी अफनासी निकितीनसाठी चालले आहे. पंधराव्या शतकातला हा रशियन व्यापारी व्होल्गेवर लुटला गेला, सोबत्यांची पांगापांग झाली, आणि एक घोडा घेऊन तो चौलच्या बंदरात उतरला. जुन्नरच्या खानानं तोही काढून घेतला. मध्यस्थीनं परत मिळाला. माल गेलेला आणि सोबतीही गेलेले असा हा परमुलखातला एकटा माणूस. तवारिश नसणं म्हणजे काय, ते त्याला पुरतं ठाऊक असणार.

तवारिशसाठी मराठी शब्द शोधत होते. सवंगडी खेळातला, सांगाती वारीतला. काल बाजारात एक शेतकरी एकच बैल घेत होता. दुसरा कुठला, विचारलं. म्हणाला, ‘तो सावड्याचा.’ दोघांचा एकेक बैल, मिळून एक औत. आज याचं वावर, उद्या त्याचं. मला तवारिशचं मराठी सापडलं, आबा.

गिरणीत जाण्याआधी, गावी, आपल्या घरीही एकच बैल होता ना? तुमच्या सावड्याचं नाव काय होतं? जुन्नरच्या पत्त्यावर कळवा.

तुमची,
नात