सातवे नाव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाची पहिली बैठक झाली, तेव्हा संस्थापकांवरचे, पहिल्या मुख्याध्यापकांवरचे, इमारतीसाठी जमीन देणाऱ्यांवरचे लेख भराभर वाटून झाले. मावशींचे नाव यादीत नव्हते. मी ते सुचविले आणि जो सुचवितो त्याच्याच गळ्यात काम पडते, या सभांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ते माझ्याकडे आले.

आजच्या विद्यार्थ्यांना मावशी ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात त्या बत्तीस वर्षे होत्या. निवृत्तीनंतर विहारामागच्या गल्लीत लेकाकडे राहत. दिवाळीच्या सुटीत मी चार दुपारी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचे बोलणे मोबाईलवर मुद्रित केले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "हे सारं छापसान का वो बाई?" मी हो म्हटले. "मंग पोरीइचं पयले लिव."

पोरींचे म्हणजे त्या सात मुलींचे. आरंभी आपल्या संस्थेला मान्यता मुलांच्या वसतिगृहाची होती आणि अनुदान मुलांच्या डोक्यांवर मोजून मिळे. तरीही १९७८ च्या जूनमध्ये आसपासच्या खेड्यांतून सात मुली आठवीत शिकण्यासाठी जळगाव जामोदला आल्या. त्यांना परत पाठवावे असे कोणाच्या मनात आले नाही आणि खोटी नोंद करावी असेही कोणाच्या मनात आले नाही. त्या मावशींच्या खोलीत, चुलीच्या भिंतीला लागून निजत. कार्यकर्ते गावोगाव हिंडून जे मूठ-मूठ धान्य आणीत, त्यात त्यांच्या भाकरी होत. परिणामी या सात मुली आपल्या कोणत्याच कागदावर नाहीत. हजेरीपटावर नाहीत, प्रस्तावात नाहीत, धान्याच्या वहीत नाहीत. कागदावर न आणण्यात त्या वेळी एक शहाणपण होते, हे मी मान्य करते. पण त्या शहाणपणाची किंमत आज इतिहास लिहिणाऱ्याला मोजावी लागते. त्यांची नावे केवळ मावशींच्या स्मरणात होती.

जानेवारीत मावशी कालकथित झाल्या.

माझ्या हातून लिहून काढण्याचे काम एप्रिलपर्यंत रेंगाळले. शाळेच्या कार्यालयातील संगणकावर मी तीन संध्याकाळी बसले. मोबाईल सतत भरलेला, म्हणून जेवढे ऐकून उतरविले तेवढे मुद्रण पुसत गेले. पहिल्या दोन दिवसांची अकरा पाने नीट जतन झाली. तिसऱ्या संध्याकाळी, भीमजयंतीच्या दोन दिवस आधी, मी नवे कोरे पान उघडून मुलींचा भाग उतरविला. साडेसहाच्या सुमारास सातपुड्याच्या अंगाने अवकाळीचे ढग चढून आले, वीज कडाडू लागली. वीज जाण्याआधी संगणक रीतसर बंद करावा म्हणून मी घाई केली. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला, बदल जतन करायचे का? जुनी फाईल तर जतन आहेच, अशा समजुतीने मी ‘नाही’वर दाबले. वीज त्या रात्री गेलीच नाही. दोष ढगांचा नव्हता, महावितरणाचाही नव्हता.

हे माझ्या लक्षात आले ते १५ एप्रिलला. दोन दिवस जयंतीच्या धावपळीत गेले होते. अकरा पानांची फाईल उघडली, पुढचे काही नाही. मोबाईल पाहिला, तिथेही नाही. चाळीस मुलांपुढे पुराव्यांचे महत्त्व सांगणाऱ्या बाईने एकमेव पुरावा दोन्हीकडून स्वतःच्या बोटाने पुसला होता. भेंडवळची घटमांडणी आमच्याच तालुक्यातली. अक्षय्य तृतीयेला भाकीत ऐकायला शेतकरी दुरून येतात. माझा त्यावर विश्वास नाही. पण त्या सकाळी पडद्याकडे पाहणारी मी त्या शेतकऱ्यांहून फार वेगळी दिसत नसावे.

गावात संगणक केंद्र चालविणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, त्यानंतर त्या मशीनवर काय काय केलं?" आणि लगेच, "आता काहीच करू नका." अर्ध्या तासात तो आला. त्याने सांगितलेले मी इथे मुद्दाम लिहिते, कारण ही स्मरणिका वाचणाऱ्यांत कार्यालयांत काम करणारे पुष्कळ जण आहेत.

वर्डमध्ये आपण टंकत असतो तेव्हा आपल्या नकळत तो एक कच्ची प्रत बाजूला ठेवीत असतो. ही प्रत मूळ व्यवस्थेत दर दहा मिनिटांनी ठेवली जाते. ती जतन करण्याऐवजी नसते, अपघातासाठी असते. वीज गेली किंवा यंत्र अडकले, तर पुन्हा उघडताच ती प्रत डाव्या बाजूला आपोआप समोर येते. पण आपणच ‘जतन करू नको’ म्हटले, तर ती स्वतःहून येत नाही, तिला शोधावे लागते. फाईल, मग इन्फो, मग मॅनेज डॉक्युमेंट आणि त्याखाली ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’, असा तो मार्ग. एकदाही जतन न केलेल्या फाईलची ही प्रत साधारण चार दिवस राहते. आम्ही तिसऱ्या दिवशी होतो.

यादीत विचित्र नावाच्या दोन फाईली होत्या, शेवटी एएसडी अशी अक्षरे. पहिली रजेच्या अर्जाची निघाली. दुसरी उघडली आणि मावशींचे शब्द पडद्यावर आले. माझ्या डोळ्यांत पाणी आले, ते त्या मुलाने पाहून न पाहिल्यासारखे केले. त्याने आधी ती फाईल नाव देऊन जतन केली, मग पेन ड्राईव्हवर घेतली, मग मला वाचू दिली.

सातही मुलींच्या गावांचा उल्लेख त्यात होता. नावे चार होती. चौथ्या नावाच्या पुढे, वाक्याच्या मध्येच, फाईल संपत होती. शेवटची कच्ची प्रत ठेवली गेल्यानंतर मी आणखी काही मिनिटे टंकत होते आणि उरलेली तीन नावे त्या मिनिटांत होती.

मोबाईलसाठीही त्याने खटपट केली. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होते असे नाही, हे मला तेव्हा कळले. ग्रंथालयात पुस्तकाचे सूचीपत्र फाडले तरी पुस्तक फळीवर असते. मात्र ती जागा रिकामी समजून कोणी तिथे दुसरे पुस्तक ठेवले की पहिले गेले. जुन्या हार्डडिस्कवर अशा रीतीने पुष्कळ काही परत मिळते, एसएसडीवर ही संधी फार थोडी, फोनवर त्याहून थोडी. माझ्या फोनने तर १४ तारखेच्या मिरवणुकीची लांबलचक चित्रफीत साठवून घेतली होती.

त्या रात्री मला वसंत मून आठवले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते वर्षानुवर्षे न्यायालयीन ताब्यात, पेट्यांत बंद होती. १९७६ साली महाराष्ट्र शासनाने चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली, नागपूरचे मून संपादनाला बसले आणि १९७९ साली पहिला खंड निघाला. पेट्यांतून जे हाती आले ते सुबक बांधलेले ग्रंथ नव्हते. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधाच्या सुट्या पानांच्या तीन टंकलिखित प्रती मिळाल्या, त्यांतील दोहोंवर बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्या होत्या. त्या मेळवून आजचा पाठ सिद्ध झाला. ‘प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती’ अपूर्णच मिळाला आणि १९८७ च्या तिसऱ्या खंडात अपूर्णच छापला गेला. जिथे मजकूर तुटला तिथे तो तुटला आहे अशी टीप संपादकांनी घातली, स्वतःच्या शब्दांनी भोके बुजविली नाहीत. मला त्या खंडांतील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. धम्मग्रंथाच्या प्रस्तावनेची कथा तर आपण सारे जाणतो. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी ती टंकलिखित पाने उशाशी मागवून घेतली, असे नानकचंद रत्तू सांगतात. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ती त्यात नव्हती. १९८० साली भगवान दास यांनी ती छापून लोकांपुढे आणली. कागद होता, फक्त वाचकापर्यंत आला नव्हता.

एकाच ठिकाणी ठेवलेल्या कागदाचे काय होते हे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या आगीने दाखविले. जळालेल्या धारिका पुन्हा उभ्या करायच्या तर खालच्या कार्यालयांतील प्रतींकडे वळावे लागले. मीही प्रतींकडे वळले.

गावे हाती होती. मुली गावातील ज्या शाळेत जात, तिथल्या दाखलखारीज नोंदवहीत १९७८ च्या जूनची पाने पाहण्याची परवानगी मिळविली. वही वाळवीने कडेला खाल्लेली, शाई मात्र पक्की. जामोद, आसलगाव, सुनगाव आणि पिंपळगाव काळे या गावांच्या मुली जुळल्या आणि त्यांत पाचवे नाव सापडले.

सहावे नाव एका सीडीत निघाले. २००२ च्या रौप्यमहोत्सवात मावशींचा सत्कार झाला होता, त्या वेळचे मानपत्र कोणीतरी टंकून ठेवलेले. सीडी सुदैवाने चालली; पण फाईल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी आपण मराठी ज्या फॉन्टांत टंकीत होतो, त्यांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठविला जात नसे. इंग्रजी अक्षराच्या जागेवर त्याचे चित्र बसविलेले असे. फॉन्ट गेला की वाचा गेली. अशोकाचे लेख शतकानुशतके उघड्यावर उभे होते, लोक त्यांच्या सावलीत बसत होते, आणि १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडेपर्यंत ते कोणाला वाचता येत नव्हते, असे मी दरवर्षी वर्गात शिकविते. आमची ब्राह्मी अवघ्या चोवीस वर्षांची होती! त्या मुलाने एका परिवर्तकातून तो मजकूर युनिकोडमध्ये आणला. मानपत्रात मावशींनी वाढविलेल्या मुलींपैकी दोघींचा उल्लेख होता. एक आमच्या चारांतली, दुसरी नवी.

चार नावांपैकी एकीचा ठावठिकाणा लागला. त्या अकोल्याला असतात, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाल्या. फोनवर त्यांनी सहाही नावे ओळखली, पाचवीचे आडनाव दुरुस्त केले. सातवीबद्दल विचारले तेव्हा त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, "आमी तिले चिमणी म्हनत होतो. खरं नाव आता येत नाही वो बाई."

मलाही येत नाही, आणि ते मी या कानांनी ऐकले होते, या बोटांनी टंकले होते. मावशींनी तिच्याविषयी सांगितलेले सारे मला आठवते. डोंगराकडच्या गावची, गावाचे नाव मावशींनाही नक्की सांगता येईना. भाकऱ्या थापायला सगळ्यांच्या आधी बसे. दिवाळीला घरी गेली, ती परत आलीच नाही. शाळेच्या नोंदवहीत तिच्याशी जुळेल अशी नोंद मला मिळाली नाही. नाव तेवढे आठवत नाही. अंदाजाने एखादे घालावे, असे एका सहकाऱ्याने सुचविले. मी नको म्हटले.

कार्यालयातील संगणकावर आता कच्ची प्रत दर मिनिटाला ठेवली जाते आणि मावशींची फाईल तीन ठिकाणी आहे, शिवाय छापून एक प्रत कपाटात. पुढील पानावर सात मुलींची यादी दिली आहे. सातव्या ओळीत ‘चिमणी’ एवढेच आहे आणि पुढे जागा कोरी सोडली आहे. १९७८ च्या पावसाळ्यात आपल्या वसतिगृहात राहिलेली, किंवा आपल्या आईने, आजीने तसे सांगितल्याचे आठवणारी कोणी व्यक्ती हे वाचत असेल, तर तिने कार्यालयात कळवावे. स्मरणिकेच्या शंभर प्रती बांधणीशिवाय ठेवायला मी छापखान्यास सांगितले आहे.