बिनमुठीचे दार

निवृत्तीनंतर चिरंजीवांकडे, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे, तीन महिने राहण्याचा योग आला. पहिल्याच सकाळी त्यांच्या गॅरेजमध्ये डोकावलो, तो तेथे १९७२ सालचा शेव्हरोले सी-टेन पिकअप ट्रक उभा. रंग विटलेला, मागच्या हौद्याला गंज चढलेला आणि चालकाच्या बाजूच्या दाराला हँडल नाही. मोडले असावे असे समजून मी म्हणालो, "नवीन मिळत नाही का?"

"मोडलेलं नाही, अण्णा. मीच काढलंय. आता ती भोकंही बुजवणार."

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे उमगणे कठीण होते. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे ठेवण्यात आणि संध्याकाळी कुलूप तीन वेळा ओढून पाहण्यात माझे आयुष्य गेले. दाराची मूठच काढून टाकणे म्हणजे काय?

चिरंजीवांनी सांगितले ते असे. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना जुन्या गाड्या आपल्या मनाजोगत्या घडवण्याचा छंद जडला. सॅम आणि जॉर्ज हे बॅरिस बंधू या कामात विशेष नावाजले. पुढे १९६६ च्या दूरदर्शन मालिकेतील बॅटमॅनची गाडी जॉर्ज यांनीच घडवली. हँडल, कंपनीची नावे, क्रोमच्या पट्ट्या काढून भोके वितळलेल्या शिशाने बुजवायची, म्हणजे नजर कोठेही न अडता गाडीच्या अंगावरून घरंगळत जाते. तिकडे याला 'शेव्हिंग' म्हणतात. गाडीची दाढीच ती!

शिशाचे दिवस आता बहुतेक सरले. चिरंजीवांनी पत्र्याचा तुकडा भोकाच्या मापाने कापला आणि वेल्डिंगचे एकेक टिपके देऊन जोडला. एक टिपका येथे, दुसरा पार पलीकडे, मध्ये पत्रा निवू द्यायचा. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पत्रा ताणतो, लाटा उठतात आणि रंग दिल्यावर त्या लाटा अधिकच दिसतात. एवढाल्या भोकासाठी त्यांनी अख्खी दुपार घालवली. मग घासणे, पुट्टीचा पातळ हात, पुन्हा घासणे. डोळे मिटून पत्र्यावरून तळवा फिरवणारा मुलगा मी स्टुलावर बसून पाहत होतो. बारावीनंतर त्याला गॅरेज काढायचे होते. कर्जाचा अर्ज तपासावा तसा मी तो बेत तपासला आणि नामंजूर केला. तो संगणकाकडे गेला, नावारूपाला आला. त्या विषयावर आम्ही दोघे पुन्हा कधी बोललो नाही.

बाहेरून दार उघडण्यासाठी आत सोलेनॉइड बसवतात. रिमोटचे बटण दाबले की ते कुलपाचा खटका ओढते आणि चौकटीतला स्प्रिंगचा दट्ट्या दार बाहेर ढकलतो. खटका ओढण्यास क्षणभर बराच विद्युतप्रवाह लागतो, म्हणून मध्ये रिले हवा. आतील हँडल मात्र शाबूत ठेवतात, हे ऐकून जरा हायसे वाटले.

"आणि बॅटरी उतरली तर?" मी विचारले.

बॅटरी बॉनेटखाली. आणि बॉनेटची बाहेरची कळही याने काढून आत कॅबमध्ये नेलेली. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच! मी तसे बोलूनही दाखवले. हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून चिरंजीव म्हणाले, "अण्णा, काय बिघडेल एवढाच विचार तुम्ही जन्मभर केलात."

त्या रात्री झोप लागली नाही. आठवले ते हरिपूर. सांगलीच्या गणपती पेठेत वडिलांची हळदीची अडत होती आणि आमची हळद हरिपूरच्या पेवांत असे. २००५ च्या महापुरात तेथील पुष्कळ पेवे निकामी झाली, तेव्हा तरुण वाचकांसाठी सांगतो: पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेले कोठार. तोंड बुजवून वर माती सारली की सपाट जमीन. ना दार, ना कडी. लहानपणी मला त्याची भीती वाटे. वडील मात्र घरी येऊन निर्धास्त झोपत. कारण आमचे पेव कोठे आहे हे ते जाणत, तसेच दिवाणजीही जाणत. मूठ नसण्याचा धोका वडिलांनी बिनतक्रार पत्करला होता. त्यांची खबरदारी दुसऱ्या माणसात होती.

सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, "हँडल राहू दे. पण एक गुप्त तार बसवू."

चिरंजीवांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. दोन दिवस आम्ही दोघे गाडीखाली उताणे पडून होतो. चालकाच्या दाराच्या खटक्यापासून एक तार अशा ठिकाणी आणली, की जाणत्याच्या बोटालाच ती सापडावी. पोमोना येथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो. तेथून तारेचे आवरण मीच घासाघीस करून आणले. जागा मी डायरीत टिपली, किल्ली रजिस्टरात लिहीत असे तशीच, तारखेसह. येथे मात्र ती लिहीत नाही.

सांगलीस परतल्यावर सहा महिन्यांनी रात्री अकराला फोन वाजला. सूनबाई होत्या. तिकडे सकाळ. भाजी घेऊन गाडीपाशी आल्या, तो रिमोट दाबून दार उघडेना. नातवाने खेळता खेळता दिवे चालू ठेवले होते. चिरंजीव विमानात. "अण्णा, ती तार कुठे आहे हो? मला कधी सांगितलंच नाही."

डायरी उशाशीच होती. मी वाचत गेलो, त्या वाकून चाचपडत गेल्या. नातू मध्येच म्हणाला, "आजोबा, आई रस्त्यावर बसलीय." मग खट् असा आवाज सांगलीपर्यंत ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांचा निरोप आला: "उजव्या दारालाही तार बसवतोय. जागा कळवतो, टिपून ठेवा. हिलाही दाखवली आहे."