साडेतीनशे रुपयांची बाकी

वार्षिकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मी पावसावर लिहायचे ठरवले होते. पावसावर लिहिले म्हणजे स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही. पण दोन परिच्छेद झाले आणि लेखणी अडली. जे सांगायचे आहे ते पावसाचे नाही, एका भोपळ्याचे आहे. वाचक मित्रहो, हसू नका.

माझे गाव नगर जिल्ह्यातले. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून ‘नगर’च आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले; त्यानंतर कधीतरी आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले. आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. शेतात जे पिकले त्यातले काही प्रत्येक जण देवापुढे आणतो. ज्वारीची कणसे, केळीचा घड, कोंबड्या, अंडी, कोणी घरच्या गाईचे तूप. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव होतो. एका अंड्याला शंभर रुपये येतात, कारण घेणारा अंडे घेत नसतो, दान देत असतो. पैसे त्याच दिवशी द्यावेत असे नाही. बोली वहीत लिहितात आणि पुढच्या चार-सहा रविवारी लोक आपापली रक्कम आणून देतात.

मी बारावीत होतो त्या वर्षी वही माझ्याकडे आली. अक्षर बरे, एवढीच लायकी. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. सगळा गाव त्यांना ‘कोपऱ्यातली आजी’ म्हणतो. त्यांनी परसातला लाल भोपळा आणला होता आणि बोली चढवत चढवत स्वतःच तो साडेतीनशेला घेतला. आठ-दहा दिवसांनी त्या आमच्या दारात आल्या. पदराच्या गाठीतून नोटा काढून माझ्या हातावर ठेवल्या. वही तेव्हा पाळकसाहेबांच्या घरी होती. “लिहून घे रे बाळा,” म्हणाल्या आणि गेल्या. घरात दुसरे कोणी नव्हते.

ते पैसे मी खर्च केले. कशावर, ते सांगायलाही लाज वाटते: मोबाईलचा रिचार्ज, आणि नगरला मित्रांबरोबर बिर्याणी. पुढच्या आठवड्यात भरून टाकू, असे मनात होते.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बाकीदारांची यादी मंडळीत वाचली गेली. यादी माझ्याच अक्षरात होती. आजींचे नाव आले तेव्हा त्या उभ्या राहिल्या. “मी दिलेत,” म्हणाल्या. पंचांपैकी एकाने विचारले, “कोणाकडे?” आजींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

‘दिले नाहीत’ असे मी म्हणालो नाही. तेवढी चलाखी मला त्या क्षणीही सुचली. आजी खाली बसल्या. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा साडेतीनशे रुपये आणून दिले आणि त्यांच्या नावापुढे ‘पोचले’ असे मी माझ्या हाताने लिहिले.

पहिल्या चार-पाच रात्री झोप लागली नाही. उद्या सांगू, असे रोज ठरवी. मग आठवड्यातून एकदा आठवण येऊ लागली, मग महिन्यातून. वडिलांच्या तळहाताला कुदळीचे घट्टे आहेत. पहिल्या दिवशी फोड येतो, तो दुखतो; पुढे कातडी निबर होते आणि काही लागत नाही. माझे अगदी तसेच झाले. हे कळायला फार उशीर लागला, कारण घट्टा दुखत नाही हीच तर अडचण आहे. त्या काळात मी रविवारच्या शाळेत लहान मुलांना जक्कयाची गोष्टही शिकवली. जकातदार जक्कय झाडावर चढतो, प्रभू त्याच्या घरी जातो आणि फसवून घेतलेले चौपट परत करीन असे तो सांगतो. मुलांनी झाडाचे चित्र काढले. मी त्यांना शाबासकी दिली.

फारोची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि मन कठीण करणारा माणूस म्हणजे कोणीतरी दाढीवाला दुष्ट राजा, अशी माझी समजूत होती. एकदा निर्गमाचे ते अध्याय सलग वाचले तेव्हा चमकलो. फारो ‘मी पाप केले’ असे चक्क दोनदा म्हणतो; गारा पडतात तेव्हा एकदा आणि टोळ येतात तेव्हा एकदा. संकट टळले की पुन्हा पहिलाच. आणि बेडकांची पीडा आली तेव्हाची गोष्ट तर फारच माणसाची आहे. हे बेडूक कधी जावेत, असे मोशे त्याला विचारतो. घर, अंथरूण, पीठ मळायची परात, सगळीकडे बेडूक. आणि हा गृहस्थ म्हणतो, उद्या. आज का नाही? मला वाटते, त्याचे उत्तर फारोला देता आले नसते. मलाही आले नसते.

मध्यंतरी नगरला तीन दिवसांच्या उज्जीवन सभा झाल्या. शेवटच्या रात्री मी पुढे जाऊन गुडघे टेकले आणि खूप रडलो. परतताना अगदी हलके वाटत होते. दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरलो तर थांब्यावर आजी उभ्या. मी शेजारच्या बोळात वळलो.

त्या बोळात उभे राहून मला पहिल्यांदा प्रश्न पडला. मला क्षमा झाली आहे, तर मी इथे का उभा? रात्रीचे रडणे सगळे माझ्यासाठी होते. त्यात आजी कुठेच नव्हत्या.

आपला ‘पश्चात्ताप’ हा शब्द मोठा नेमका आहे, पण त्यात मागाहून होणारी आगच तेवढी आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत त्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ मन पालटणे असा होतो, आणि जुन्या कराराच्या हिब्रू शब्दाचा अर्थ तर सरळ मागे फिरणे. ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्यांनी सोवळेओवळे निष्ठेने पाळले. पण भेदाभेद माणसाने केले आहेत असे एकदा पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाऊ लागल्या. पालटले ते स्वयंपाकघरात दिसले. (यहूदाने तर तीस नाणी परतही केली होती. पण तो ज्याच्याकडे जायचे त्याच्याकडे गेला नाही. म्हणजे नुसते पैसे परत करूनही भागत नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवले आहे.)

सुट्टीत शेतावर मजुरी करून चौदाशे रुपये जमवले. जक्कयाचा हिशेब! आजी ओट्यावर शेंगा सोलत होत्या. मी सगळे सांगितले. त्यांनी हातातले काम थांबवले नाही.

“मला ठाऊक होतं,” म्हणाल्या.

“मग आजी, तुम्ही बोलला का नाहीत?”

“मी बोलले होते. मंडळीत उभी राहून बोलले होते.”

चौदाशेतले साडेतीनशे त्यांनी मोजून घेतले, बाकीचे माझ्याकडे सरकवले. “हे तुझं तू बघ. आणि नाव मंडळीत वाचलं होतं, माझ्या ओट्यावर नाही.”

मी पैसे देऊन सुटलो असे समजत होतो, ते तिथे संपले. पाळकसाहेबांना सांगितले. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मी उभा राहिलो आणि चार वाक्ये कशीबशी बोललो. वडील त्यानंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. दोघा-तिघांनी बाहेर पाठ थोपटून ‘धाडस केलेस’ म्हटले. ते मला सर्वांत जड गेले, कारण त्यांतला एकही आजींकडे जाऊन काही बोलला नाही. त्या नेहमीप्रमाणे एकट्याच काठी टेकीत घरी गेल्या.

आता वही एका अकरावीतल्या मुलीकडे आहे. यंदाच्या सणाला आजींनी पुन्हा भोपळा आणला आणि पुन्हा स्वतःच घेतला, पाचशेला. बोली संपताच त्या जागेवरून उठल्या, पुढे गेल्या आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक नोट मोजून तिच्या हातात दिली. मग पावती लिहून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मी मागच्या बाकावर होतो. भोपळा जड होता. तो घरी पोचवायला येऊ का, असे मी विचारले. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “उचल.”