लीळाचरित्र मोबाईलवर वाचताना पाठभेदांचे काय होते?

१/ इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी अमरावतीत असते, घर अकोल्याला. बडनेरा ते अकोला या रेल्वेप्रवासात मोबाईलवर लीळाचरित्राची पीडीएफ उघडी असते. या सोयीने ग्रंथवाचनात काय पालटले, त्याविषयी हा धागा.

२/ गोविंदप्रभूंचे रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातलेच. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, चक्रधरस्वामींच्या सहवासातील माणसांना विचारून लीळा संकलित केल्या. मूळ प्रत पुढे हरवली व ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध झाला, अशी परंपरा आहे. त्यामुळे लीळाचरित्राला एकच एक पाठ नाही.

३/ शिवाय पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत. विसाव्या शतकात वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि हे वाङ्मय पंथाबाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. ह. ना. नेने आणि पुढे वि. भि. कोलते यांनी ग्रंथाचे संपादन केले. कोलत्यांची आवृत्ती १९७८ची.

४/ आता शोधखिडकीत शब्द टाकला की क्षणात उत्तर येते. पण जुन्या मराठीचे लेखन स्थिर नाही. ‘रिद्धपूर’ शोधले तर ‘ऋद्धिपूर’ सुटते. ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘ग्रंथात नाही’ असा घेतला, तर त्यावर उभा राहिलेला निष्कर्षही कोसळतो.

५/ दुसरी हानी अधिक खोल आहे. एखादी लीळा टंकून व्हॉट्सॲपवर पाठवली जाते, तेव्हा तळटीप आणि पाठभेद मागे राहतात. अनेक पाठांपैकी एक पाठ ‘मूळ शब्द’ होऊन बसतो. पोथ्यांनी शतकानुशतके जपलेली अनेकता एका फॉरवर्डमध्ये पुसली जाते.

६/ तरीही मला या माध्यमाची भीती वाटत नाही. छापील पानावर फक्त संपादकाचा निर्णय दिसतो. पोथीच्या स्कॅनमध्ये लेखनिकाची खाडाखोड आणि समासातली दुरुस्तीही दिसते. कागदाला जागेची मर्यादा आहे. पडद्यावर सारे पाठ शेजारी शेजारी मांडता येतात.

७/ २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही आले. पोथ्यांच्या प्रतिमा, लिप्यंतर आणि पाठभेद एकत्र पाहता येतील असे दालन तिथे उभे राहावे, ही माझ्यासारख्या विद्यार्थ्यांची आस आहे.

८/ तोवर वाचकांना एकच विनंती. लीळा पुढे पाठवताना संपादक, आवृत्तीचे वर्ष, पूर्वार्ध की उत्तरार्ध, आणि लीळेचा क्रमांक अवश्य लिहा. एका ओळीचे हे काम पुढच्या अभ्यासकाचे कितीतरी दिवस वाचवील.