शेजारचे आजोबा आणि पन्नास काडतुसं

इथे विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. अवघे नऊ दिवस! आमच्या शेजारचे आजोबा त्यासाठी तळघरात बसून काडतुसं घरीच भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करून मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून ओतायची, वर गोळी. तोलायचं ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत; एका पौंडात ग्रेन ७०००. आपल्या सोनाराची गुंजसुद्धा यापुढे ढोबळच.

"दुकानात मिळतात की," मी म्हणालो.

"माझ्या बंदुकीला मानवणारी नाही मिळत. पोटात लागलेलं हरीण तासन्‌तास तडफडतं."

गेल्या ऑक्टोबरात मी मदतीला बसलो आणि सवयीप्रमाणे बडबडत राहिलो. पन्नास भरून झाली नि आजोबा थबकले. एकीत दारू घातल्याचं त्यांना आठवेना. तशी राहिली तर नुसत्या प्रायमरच्या जोराने गोळी बंदुकीच्या नळीतच अडकू शकते. कळलं नाही तर पुढच्या बाराला नळी फुटते. हातोड्यासारखं अवजार आपटून त्यांनी एकेक गोळी उपसली.

एकोणिसावी कोरडी निघाली.

मला काही बोलले नाहीत. फक्त तराजू पुन्हा शून्यावर आणला.