विश्वामित्रीची कोतरं

बडोदे

चि. निखिल,

पुरात छपरावर बसलेल्या मगरीचा फोटो तिकडच्या तुझ्या मित्रांनीही पाहिला आणि त्यांनी तुला दोन प्रश्न विचारले: बडोद्याचे लोक मगरी पकडून दूर का सोडत नाहीत आणि नदीला दोन्ही बाजूंनी भिंत का बांधत नाहीत? फोनवर याचं उत्तर नीट देता येणार नाही, म्हणून लिहितो.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी धोक्याच्या खुणेपेक्षा दहा फुटांहून अधिक वर चढली होती. अकोटा, फत्तेगंज, समा हे सगळे भाग पाण्यात होते. आपल्या गल्लीत तर वीज गेल्यावर रात्रभर फक्त पाण्याचा आवाज होता. वनखात्याने त्या दिवसांत वस्तीतून वीसपेक्षा जास्त मगरी उचलल्या. पण मगर आपल्या घरात शिरली असं म्हणणं मला पटत नाही. पात्रात धार इतकी जोरात असते की तिला कडेचं संथ पाणी शोधावं लागतं, आणि ते संथ पाणी त्या दिवशी आपल्या अंगणात होतं.

नदी पावागडच्या डोंगरातून येते, शहरातून नागमोडी जाते, ढाढरला मिळते आणि खंभातच्या आखाताला पोचते. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आजवा सरोवर वरच्या बाजूला आहे. तिथून सांडलेलं पाणी आणि गावात पडलेला पाऊस एकाच वेळी आले की पात्र अपुरं पडतं. पूर्वीही पडायचंच. 31 जुलै 2019 ला तर एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस झाला होता.

पूर्वी मात्र जादा पाण्याला जागा होती. नदीच्या दोन्ही अंगांना कोतरं होती, मातीत खोल कापत गेलेल्या वेड्यावाकड्या घळी, झाडोऱ्याने भरलेल्या. आपल्या सोसायटीमागे होतं तसलंच एक. तुझे बाबा नि मी तिथे बोरं तोडायला जायचो. पावसाळ्यात ते तुडुंब भरायचं आणि पूर ओसरला की हळूहळू रिकामं व्हायचं. मग एकेक ट्रक येऊ लागले. पाडलेल्या घरांचा राडारोडा कोतरात ओतला, वर मुरूम टाकला, प्लॉट पडले. शहरात ठिकठिकाणी असंच घडलं. भूखी कांसेसारखे पाण्याचे नैसर्गिक ओहोळही दोन्हीकडून आवळले गेले. पाण्याची जागा आपण विकली, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता भिंतीबद्दल. आपली जमीन गाळाची, भुसभुशीत. नदी वळणाच्या बाहेरच्या बाजूची माती कापते आणि आतल्या बाजूला टाकते. त्या कापण्याला आवर घालतात ती काठावरची गवतं आणि झाडांची मुळं. काठ तासून सरळ केला की पाण्याचा वेग वाढतो आणि उघड्या पडलेल्या मातीचे कडे पुढच्या पुरात कोसळतात. भिंत बांधली तर पाणी जिथे भिंत संपते तिथे, म्हणजे खालच्या गावांवर, जास्त जोराने जातं. शिवाय आखातात देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्या येतात. भरती असताना मुखाशी पाणी उतरत नाही. मग भिंतीमागे अडलेलं शहराचं पावसाचं पाणी जाणार कुठे?

मगरीही याच काठावर जगतात. हिवाळ्यात ऊन खातात, उन्हाळ्याच्या तोंडाला मातीत खड्डा खणून अंडी घालतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांना उचलून दुसरीकडे नेलं तरी पूर कमी होणार नाही.

हे सगळं आपल्याच गावातल्या कार्यकर्त्यांनी हरित लवादापुढे मांडलं. मे 2021 मध्ये लवादाने नदीचा पूरपट्टा आखा, कोतरं जपा, अतिक्रमणं काढा असं सांगितलं. 2024 च्या पुरानंतर, 2025 च्या उन्हाळ्यात, शहरातल्या सुमारे 24 किलोमीटर पात्रात गाळ काढण्याचं आणि रुंदीकरणाचं काम झालं. गाळ काढायला हवाच होता. पण यंत्रांनी काठ सोलून टाकणं आणि बुजवलेली कोतरं तशीच ठेवणं, हा माझ्या मते उलटा क्रम आहे.

तू तिकडे स्थापत्य शिकतो आहेस. उद्या जगात कुठल्याही नदीचं काम तुझ्या हाती आलं, तर आधी तिच्या पुराची हद्द नकाशावर आख आणि मगच रस्ता, पूल, घर काय ते काढ. समोरचा कितीही घाई करो, हा क्रम सोडू नकोस.

तुझा,
काका